धुळाप्पा फिटरचं भिणं

धुळाप्पा बिराजदार सोलापूरच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता आणि त्याला पगार मिळायचा तो भिण्याबद्दल. असं त्याचे मिस्त्री सिद्धलिंगप्पा म्हणायचे. "बाकीच्यांनी लोखंडावर इस्वास ठिवला तर चालतंय. तू न्हाय ठिवायचा. तुजं कामच ते हाय."

काम असं होतं. इंजिनाचे सुटे केलेले दांडे, आस, पिना त्याच्यापुढे येत. ते तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, मग फडक्याने कोरडे पुसायचा आणि खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून तिचा पातळ हात वरून द्यायचा. लोखंडात केसाएवढी चीर असली तरी तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपायचं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटायची. रेघ उमटली की तो तुकडा भंगारात. ती उमटते की नाही हे कळायला दहा मिनिटं लागत, आणि ती दहा मिनिटं धुळाप्पा त्या लोखंडासमोर उकिडवा बसून असायचा. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा.

वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं होतं. एस्टीत चढण्याआधी तो चाकाचे नट बघून यायचा. उतार आला की सायकलवरून उतरून ती हातात धरून चालायचा. त्याची बायको बनाबाई अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी. ती शेजारणींना सांगायची, "आमच्याकडं नवा पाट आणला तरी हे आधी ठोकून बघत्यात, मग बसत्यात." धुळाप्पाला याचं काही वाटायचं नाही. चिरा असतातच, आपल्याला दिसत नाहीत एवढंच, असं त्याचं मत होतं.

अशा माणसाने शर्यतीची मोटारसायकल बांधायला घेतली ती राजेसाबमुळे.

राजेसाब नदाफचं विजापूर वेशीत मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. वय तिशीच्या आत, अंगाने सडपातळ, आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की तो पंधरा दिवस मौत का कुवाँमध्ये गाडी मारायचा. फळ्यांच्या उभ्या भिंतीवरून गोल गोल, हात सोडून. चौऱ्याहत्तरच्या यात्रेत बनाबाईच्या हट्टाने धुळाप्पा तो खेळ बघायला वर चढला. चढला खरा, पण गाडी भिंतीवर गेली तसे त्याने डोळे मिटून घेतले. त्यामुळे त्याला नुसतं ऐकू येत होतं, आणि ऐकता ऐकता त्याच्या कानाला एक गोष्ट लागली. प्रत्येक फेरीला एकदा, मागच्या चाकात, 'टिक्.'

खेळ संपल्यावर तो खाली गेला. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणून आधीच घाम फुटला होता.

"मागच्या चाकाचा आस बघा," तो म्हणाला. "चिरलाय."

राजेसाब हसला. "वरून दिसला?"

"दिसला न्हाय. मी डोळे मिटलं होतं."

उत्तर इतकं विचित्र होतं की राजेसाबने चाक काढलं. आस अर्ध्यापर्यंत चिरलेला होता. राजेसाबने तो हातात फिरवून बघितला, बाजूला ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, चहा घेणार काय?"

त्या दिवसापासून धुळाप्पा त्याचा अण्णा झाला. त्याच दिवशी राजेसाबची बायको मदिनाबी हिने नवऱ्याकडून शपथ घेतली, की परत त्या विहिरीत उतरायचं नाही. राजेसाबने शपथ घेतली आणि पाळलीही. पण महिन्याभरातच तो धुळाप्पाला म्हणाला, "मद्रासजवळ लढाईच्या काळातली विमानाची धावपट्टी हाय. तिथं दर फेब्रुवारीत शर्यती होतात. जुन्या गाड्यांची वेगळी. एकोणीसशे पन्नासच्या आतल्या. अण्णा, विहिरीत न्हाय बसणार म्हटलंय मी. सपाट जमिनीवर न्हाय बसणार असं कुटं म्हटलंय?"

गाडी मोहोळजवळच्या एका मळ्यात मिळाली. हिंदुराव नावाचे निवृत्त सुभेदार होते, त्यांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली होती. साडेतीनशे सीसीची मॅचलेस, सन एक्केचाळीस. गोठ्यात उभी, सीटवर कोंबड्या. बैलगाडीत घालून ती मोहोळ स्टेशनवर आणली, तिथून सोलापूर. राजेसाबने कोंबड्यांची घाण खरवडली तेव्हा टाकीवरचं पंखवालं 'एम' अक्षर दिसलं, आणि तो लहान पोरासारखा खूश झाला.

मग रोज दुपारी शेडमधून सुटलं की धुळाप्पा विजापूर वेशीत जाऊ लागला. दोघांनी गाडी उघडी केली. मडगार्ड, दिवा, हत्यारांची पेटी, स्टँड, जे जे वजन वाढवतं ते सगळं उतरवलं. हँडल खाली घेतलं, पाय ठेवायचे दांडे मागे नेले, म्हणजे स्वार टाकीवर पालथा पडून बसेल. सिलिंडरचा तळ लेथवर थोडा उतरवला, म्हणजे आतली पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाईल आणि धक्का जास्त बसेल. हवा आत जायची वाट घासून आरशासारखी केली. वेग दाखवणारा मीटरही राजेसाबने काढून टाकला. "किती वेग हाय ते कळून काय करायचंय? जास्त पायजे एवढं माहीत हाय."

धुळाप्पा हे सगळं करत होता आणि प्रत्येक गोष्टीला भीत होता. पण ती भीती त्याच्या ओळखीची होती. तिला हातात धरूनच तो काम करायचा. खरी भीती मे महिन्यात आली.

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. शेड बंद पडली. रेल्वे कॉलनीत पोलीस येऊन संपावरच्या लोकांना उचलून नेत होते, कामावर जा नाहीतर क्वार्टर खाली करा म्हणत होते. सिद्धलिंगप्पा मिस्त्रींना घरातून नेलं. बनाबाई म्हणाली, "हितं थांबू ब्याडा, नगाच थांबू. दिवसाचं कुटंतरी जावा." म्हणून धुळाप्पा सकाळी गल्लीबोळांतून राजेसाबच्या दुकानात जायचा आणि मागच्या खोलीत पोत्यांच्या आड बसून गाडीचं काम करायचा. दुकानासमोरून बुटांचा आवाज गेला की हात थांबायचे.

त्या दिवसांत तो कनेक्टिंग रॉडवर काम करत होता. पिस्टनला खालच्या फिरत्या चाकाशी जोडणारा हा वीतभर लोखंडी दांडा. इंजिनातला सगळा मार तो खातो. मिनिटाला सहा हजार वेळा ओढला जातो, दाबला जातो. तो तुटला तर तुटका तुकडा इंजिन फोडून बाहेर येतो, मागचं चाक जागच्या जागी अडकतं, आणि स्वार कुठे जातो ते कुणी सांगू शकत नाही. धुळाप्पा त्याच्या अंगावरचा खडबडीतपणा कानशीने लांबीच्या दिशेने उतरवत होता. ओरखडा नेहमी उभा असावा, आडवा नाही. आडव्या ओरखड्यातूनच चीर जन्माला येते. हे त्याने शेडमध्ये शंभर जणांना शिकवलं होतं.

अकराच्या सुमाराला दुकानासमोर पोलिसांची जीप थांबली.

ब्रेकचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, मग हवालदाराचा आवाज. "कोन हाय का आत?" धुळाप्पाच्या हातातली कानस घसरली आणि दांड्याच्या मानेवरून आडवी गेली.

जीपचं चाक पंक्चर झालं होतं, एवढंच. राजेसाबने पंक्चर काढून दिलं, हवालदाराने पाणी मागून प्यायलं, जीप गेली. मागच्या खोलीत धुळाप्पा दांडा उजेडाकडे धरून बसला होता. मानेवर नखाच्या टोकाला लागेल एवढा आडवा ओरखडा.

राजेसाब आत आला. "गेले, अण्णा. पंक्चर होतं. काय झालं?"

"काय न्हाय," धुळाप्पा म्हणाला.

का म्हणाला ते त्याला पुढे आयुष्यभर नीट सांगता आलं नाही. लाज वाटली असेल. ज्याच्या कानाची, हाताची राजेसाब गावभर तारीफ करत होता, त्याचा हात पंक्चरच्या जीपला भिऊन घसरला होता. त्याने तो ओरखडा आधी बारीक कानशीने, मग पॉलिश कागदाने तासभर घासला. दिसेनासा झाला. नखाला लागेनासा झाला. मग रॉकेल, मग खडू. ओरखड्याच्या जागी दोन बोटं रुंद पांढरा पट्टा ओढून तो दहाच्या ऐवजी वीस मिनिटं बसला. रेघ आली नाही. दांडा इंजिनात गेला, वर पिस्टन बसला, सिलिंडर बसलं, हेड बसलं. आता तो कुणाला दिसणार नव्हता.

संप मोडला. धुळाप्पा कामावर रुजू झाला, सिद्धलिंगप्पा सुटून आले. आणि त्या दांड्याने धुळाप्पाच्या डोक्यात फिरायला सुरुवात केली.

पाऊस संपल्यावर एका सकाळी विजापूर रस्त्यावर गाडीची पहिली चाचणी झाली. मडगार्ड नसलेली, दिवा नसलेली ती गाडी उभी होती तेव्हाच रागावल्यासारखी दिसत होती. राजेसाब तिच्यावर पालथा पडला आणि गेला. आवाज आधी फुटला, मग ताणत ताणत बारीक होत गेला. धुळाप्पा लिंबाच्या झाडाला पाठ लावून ऐकत होता. प्रत्येक क्षणाला त्याला वाटत होतं, आता थांबेल. आता तो 'खट्' येईल आणि मग काहीच ऐकू येणार नाही. राजेसाब परत आला, तोंडभर हसत, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी वाहत होतं. धुळाप्पाने रस्त्याकडेला बसून उलटी केली.

"पित्त झालंय," तो म्हणाला.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी दुपारी मदिनाबी दुकानात आली. राजेसाब नमाजाला गेला होता. पदर डोक्यावर ओढून ती दारातच उभी राहिली.

"अण्णा, एक पुछना था. हे तर सगळ्याला चांगलंच म्हणतात. तुमी खोटं बोलत न्हाय म्हणून तुमाला विचारते. गाडी बरी हाय ना?"

धुळाप्पाच्या हातात तेलाचा डबा होता. तो त्याने खाली ठेवला, परत उचलला.

"बरी हाय," तो म्हणाला. "काळजी करू नगा, वहिनी."

"तुमी म्हणताय तर मी न्हाय करत." ती गेली. तिच्या चालण्यातही हलकेपणा आला होता. तो धुळाप्पाने पाठमोरा बघितला आणि त्याला वाटलं, आपण या बाईचं काहीतरी चोरलं.

त्यानंतर त्याचं जेवण तुटलं. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तो तसाच धरून बसायचा. बनाबाई विचारून दमली. शेडमध्येही बिघडायला लागलं. जानेवारीत त्याने एका आठवड्यात तीन दांडे भंगारात काढले. सिद्धलिंगप्पांनी तिन्ही परत तपासले. एकावरही रेघ नव्हती.

"धुळाप्पा, हितं कुटं हाय रेघ?"

"मला दिसली, मिस्त्री."

"मला न्हाय दिसत." सिद्धलिंगप्पांनी तिन्ही दांडे भंगारातून बाजूला काढले. "रजा घे. डोळं तपास. आं? असं करून चालायचं न्हाय."

धुळाप्पाला मग दुहेरी भीती लागली. दांडा चिरलाय ही एक. आणि आता आपल्याला खरी चीर आणि मनातली चीर यांतला फरक कळत नाही, ही दुसरी. राजेसाबला तो दोनदा म्हणाला, "एकदा इंजिन उघडून बघू या का?" पण का, ते सांगितलं नाही. राजेसाब म्हणाला, "अण्णा, घोडा पळायला लागल्यावर त्याचं पोट फाडून बघतात काय?"

पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत दोघे मद्रास मेलने निघाले. गाडी पेट्रोल काढून, गोणपाटात बांधून ब्रेकव्हॅनमध्ये चढवली होती. होटगी गेलं, गुलबर्गा गेलं. राजेसाब डब्यातल्या लोकांना शर्यतीच्या गोष्टी सांगत होता. धुळाप्पा खिडकीशी बसून रुळांच्या सांध्यांचे ठोके ऐकत होता, आणि एखादा ठोका वेगळा आला की तो खिडकीचा गज घट्ट धरायचा. कृष्णेच्या पुलावर त्याने डोळे मिटले आणि मनात ठरवलं, मद्रासला उतरल्या उतरल्या सांगायचं. उतरल्यावर सामान सोडवायची घाई झाली, तेव्हा सांगितलं नाही.

शर्यतीची जागा म्हणजे माळरानावरची सिमेंटची जुनी धावपट्टी, तिच्या दोन्ही टोकांना वळणं आणि कडेला गवताच्या पेंढ्या रचलेल्या. जुन्या गाड्यांची शर्यत दुपारी तीनला होती. सकाळी सराव झाला. नऊ गाड्या होत्या, आणि विजापूर वेशीतल्या दुकानात बांधलेली ही मॅचलेस त्यांत सगळ्यांत पुढे पळत होती. सरळ पट्टीवर ती आली की लोक पेंढ्यांपाशी उभे राहून बघायला लागले. कुणीतरी धुळाप्पाला तमिळमध्ये काहीतरी विचारलं, बहुतेक गाडी कुणी बांधली म्हणून. तो फेऱ्या मोजत होता. अकरा.

राजेसाब गाडी घेऊन कडेच्या चिंचेच्या झाडाखाली आला, शिरस्त्राण काढलं. "अण्णा! बघितलंत? अजून थोडी उरलीय तिच्यात. दुपारी सगळी काढतो."

'सगळी काढतो' हे ऐकलं आणि धुळाप्पाच्या तोंडून ते निघून गेलं.

"इंजिन उघडायचं."

"काय?"

"आत्ता. मी त्या दांड्यावर कानस मारलीय. आडवी. संपात ती जीप आली तवा. घासून काढली आणि तुला सांगितलं न्हाय."

राजेसाबने शिरस्त्राण टाकीवर ठेवलं. "खडू लावला होता?"

"लावला होता."

"रेघ आली?"

"न्हाय."

"मग?"

"मग तरीबी."

राजेसाब खाली बसला. चिंचेच्या पाल्याचा एक काटकीसारखा देठ घेऊन तो तोडत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "नऊ म्हैनं झालं अण्णा. नऊ म्हैनं तुमी माझ्या दुकानात बसून चहा पीत होता." त्याच्या आवाजात राग असता तर धुळाप्पाला सोपं गेलं असतं.

"मला मार," धुळाप्पा म्हणाला. "पण आधी उघडू दे."

घड्याळात साडेअकरा झाले होते. अख्खं इंजिन फोडायला वेळ नव्हता, पण टाकी, हेड आणि सिलिंडर काढलं तर दांडा मानेपर्यंत उघडा उभा राहतो, तेवढं पुरे होतं. दोघे कामाला लागले. इंजिन इतकं तापलेलं की पान्याला हात लावला तरी चटका बसत होता. धुळाप्पाच्या हातून नट निसटत होते, आणि राजेसाब ते गवतातून उचलून फडक्यावर ठेवत होता. तासाभरात सिलिंडर वर उचललं गेलं आणि दांडा दिसला. तेलाने चकाकणारा, एका पायावर उभ्या असलेल्या माणसासारखा.

पिस्टन काढला. दांडा पेट्रोलने धुतला, पुसला. फेऱ्या लिहायच्या फळ्याजवळ बसलेल्या माणसाकडून राजेसाबने खुणेने खडू मागून आणला. खडू कुटून पेट्रोलमध्ये कालवला. धुळाप्पाने बोटाने तो सगळ्या मानेला फासला, कारण त्या घाईत पट्टा सरळ ओढता येत नव्हता. मग छोट्या हातोडीने दांड्यावर हलके दोन-चार ठोके दिले आणि उकिडवा बसला.

त्याची नजर ओरखड्याच्या जागी खिळली होती. पाच मिनिटं. सात. दहा. पांढरं ते पांढरंच होतं. तो आणखी खाली वाकला, नाक टेकेल एवढा. काही नाही. निर्मळ.

नऊ महिन्यांनी त्याच्या छातीतून पूर्ण श्वास बाहेर पडला. तो मागे गवतावर बसला आणि त्याला रडू आलं. "न्हाय रे राजा. न्हाय काय. बसव पिस्टन. मी उगंच..."

राजेसाब फडकं घेऊन दांडा पुसायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"अण्णा," तो म्हणाला. "हे काय हाय?"

ओरखड्याच्या जागेपासून दोन बोटं खाली, दांड्याच्या मागच्या अंगाला एक आकडा होता. सात. कधीकाळी कुणीतरी, कुठल्यातरी कारखान्यात, पोलादी ठशाने ठोकलेला. धुळाप्पाने तो घासताना पाहिला होता आणि तिथे लोखंड पातळ होईल म्हणून तसाच सोडला होता. त्या साताच्या शेपटापासून एक काळी रेघ निघाली होती. केसासारखी. ते दोघे बघत असतानाच ती किंचित लांबली, कारण तेल अजून झिरपत होतं.

धुळाप्पाला पहिल्यांदा वाटलं, ही त्या तीन दांड्यांवरच्यासारखीच, मनातली. "तुला दिसतीय?" त्याने विचारलं.

"दिसतीय."

"खरं सांग."

"अण्णा, मीच दाखवली तुमाला."

राजेसाबने फडकं खाली टाकलं. आपले दोन्ही हात पुढे धरून तो बघायला लागला. ते थरथरत होते. विहिरीच्या उभ्या भिंतीवर दोन्ही हात सोडणारा माणूस. "सकाळी किती फेऱ्या मारल्या मी?"

"अकरा."

"अकरा," राजेसाब म्हणाला, आणि पिस्टन फडक्यात गुंडाळायला लागला.

तीन वाजता आठ गाड्या सुटल्या. त्यांचा आवाज ऐकत दोघांनी उघडी गाडी गोणपाटात बांधली.

सोलापुरात आल्यावर दांडा पूर्ण बाहेर काढला, लोखंडी शिकंजात पकडला, आणि सिद्धलिंगप्पा मिस्त्रींच्या समोर राजेसाबने त्यावर एक घण घातला. एका घावात तुटला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळा, गुळगुळीत, तेल मुरलेला होता. शिल्लक चकचकीत लोखंड होतं ते बोटाच्या नखाएवढं. धुळाप्पाच्या ओरखड्याची जागा मात्र शाबूत होती.

मिस्त्रींनी तुकडा फिरवून बघितला. "हे लई जुनं हाय, धुळाप्पा. तुज्या कानशीच्या कितीतरी आधीचं. तुजा दोष न्हाय."

"हाय की," धुळाप्पा म्हणाला. "मी खडू कुटं लावला होता? दोन बोटं. जितं मी चुकलो होतो तितंच. बाकीचा दांडा बघितलाच न्हाय मी, मिस्त्री. तवाच सापडली असती. सगळ्यांना शिकवतो, सगळं अंग बघा म्हणून. आणि मला दोन बोटांपलीकडं काय दिसलंच न्हाय."

मिस्त्रींनी तुटका दांडा त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून मदिनाबीकडे गेला. ती अंगणात तांदूळ निवडत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कानशीपासून रेघेपर्यंत, आणि शेवटी म्हणाला, "त्या दिवशी तुमी विचारलं, तवा मी खोटं बोललो."

मदिनाबीने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमी डरे, इसलिए मेरा आदमी घरकू आया. और तुमीच मेरेकू झूठ बोले. अण्णा, मी यातलं एकबी विसरणार न्हाय." आणि सूप परत उचललं. बसा म्हणाली नाही.

पुढचे कितीतरी महिने ती त्याच्याशी मोजकंच बोलत होती. राजेसाब मात्र पंधरवड्यात परत अण्णा म्हणायला लागला. पुण्याहून दुसरा दांडा मिळवला. धुळाप्पाने तो वरपासून खालपर्यंत, आतून बाहेरून, तीन वेगवेगळ्या दिवशी तपासला, आणि चौथ्या दिवशी सिद्धलिंगप्पांकडून तपासून घेतला. कुठलाच ठसा, कुठलाच आकडा त्याने अंगावर राहू दिला नाही. शेडमध्येही त्याचं बरं चाललं. उगाच भंगारात काढणं थांबलं. पण आता रेघ उमटली की तो पहिल्यांदा शेजारच्याला बोलवायचा, "बघ रं, तुला दिसतीय का," आणि त्याने 'व्हय' म्हटल्यावरच तुकडा बाजूला टाकायचा.

शहात्तरच्या फेब्रुवारीत ते परत मद्रासला गेले. या वेळी निघायच्या आधी मदिनाबीने धुळाप्पाला विचारलं नाही. त्यानेच स्वतःहून सांगितलं, "वहिनी, बघितलंय. सगळं बघितलंय. भीती वाटतीयच. पण आता ठाव हाय तेवढं सगळं सांगितलंय." तिने मान हलवली.

शर्यत आठ फेऱ्यांची होती. धुळाप्पा पेंढ्यांच्या मागे, डोळे मिटून उभा राहिला. इंजिन गात होतं. त्या आवाजात कुठेही खोट नव्हती. सरळ पट्टीवर मॅचलेस दोघांना मागे टाकायची, पण लांबच्या वळणापाशी गेली की तिचा आवाज एकदम खाली यायचा. इतर गाड्यांच्या आधी. पहिल्या फेरीत जरासा आधी, दुसऱ्या फेरीत त्याहून आधी. इंजिनाला काही झालं नव्हतं. वर बसलेल्याचा हातच पेट्रोलची मूठ मिटत होता. धुळाप्पाला ते आठही वेळा ऐकू आलं.

राजेसाब पाचवा आला. गाडी झाडाखाली उभी करून, हातमोजे काढता काढता, धुळाप्पाकडे न बघता तो म्हणाला, "त्या वळणावर माजा हात आपोआप बंद होतोय, अण्णा. मी किती सांगितलं त्याला."

"ऐकू आलं मला."

"गाडी पयला नंबर आणणारी होती."

"व्हय. होती."

राजेसाब हसला, पण ते हसणं वर्षापूर्वीचं नव्हतं. "तुमाला बरं वाटलं असंल."

धुळाप्पाला बरं वाटलं होतं. आठही वेळा, आवाज खाली आला की त्याचा जीव भांड्यात पडत होता. आणि प्रत्येक वेळी त्याची त्याला लाज वाटली होती, कारण उभ्या भिंतीवर हात सोडणारा एक माणूस होता आणि आता तो नव्हता. त्याने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तो म्हणाला, "वाटलं."

मग दोघांनी मिळून गाडीचं पेट्रोल काढायला घेतलं. परतीची आगगाडी पाचला सुटत होती.